डहाणूचा पहाटेचा पाऊस

बाबा,

तुमची पावसाची वही अजून माझ्याकडे आहे. शेवटच्या पानांवर तुम्ही पट्टी धरून आडव्या रेघा मारल्यात. स्वतःचं लिहिलेलं खोडतानाही तुम्हाला रेघ सरळच लागायची. तुम्हाला जाऊन आता इतकी वर्षं झाली की तुमचा आवाज मला मुद्दाम आठवावा लागतो, आणि खरं सांगायचं तर ते मला बरं वाटतं.

उधव्याच्या शाळेत मास्तर होतात तोवर आवारातलं पर्जन्यमापक तुमच्याच ताब्यात असायचं. सकाळी साडेआठला एकदा मोजायचं आणि आदल्या साडेआठपासून पडलेला सगळा पाऊस त्या दिवसाच्या नावावर लिहायचा, हा सरकारी रिवाज. तुम्हाला त्याचा भारी राग. "किती पडला ते कळतं, कधी पडला ते कळत नाही. हे काय मोजणं झालं?" म्हणून निवृत्त झाल्यावर तुम्ही अंगणात स्वतःचं मापक रोवलंत आणि दर तीन तासांनी ते बघायला लागलात.

तुमचं म्हणणं मी सातवीत असल्यापासून ऐकत आले, तेही स्वयंपाकघरात. आई नागलीच्या भाकरी थापतेय, मी पाटावर बसलेय. तुम्ही विचारता, चुलीचा धूर कुठं चाललाय? मी म्हणते, डोंगराकडे. का? मला सांगता येत नाही. तुम्ही कान धरून मला बाहेर पागोळीखाली उभं करता आणि आतून शिकवत राहता. दिवसा जमीन तापते, समुद्राकडचा वारा जोर धरतो, डोंगराला अडतो, वर चढतो, तिथं गार होतो आणि दुपारनंतर आपल्यावर कोसळतो. रात्री जमीन निवते. पावसाळी वारा तेव्हा पुरता उलटत नाही, पण सुस्तावतो. जमिनीवरून समुद्राकडे सरकणारी गार हवा किनाऱ्यापाशी त्याला भिडते, ढग तिथंच पाण्यावर रचले जातात आणि पहाटे डहाणूला झोडपतात. पावसाळा एकच, पण डहाणूचा जोर पहाटे आणि आपला जोर दुपार कलल्यावर. "अहो, पोर काकडली," आई म्हणते. "कळलं की येईल आत," तुम्ही म्हणता. मला केव्हाच कळलेलं असतं. दात वाजतात म्हणून बोलता येत नाही.

लग्न होऊन मी डहाणूला आले, कचेरीसमोर टायपिंगचं दुकान टाकलं आणि वाटलं, सुटले. २०१४च्या पावसाळ्याआधी तुम्ही डबा, नरसाळं आणि काचेचं माप घेऊन एसटीने आलात ते थेट दुकानात. दोन गिऱ्हाइकं बसलेली. डहाणूच्या नोंदी मी घ्यायच्या, असं तुम्ही सांगून टाकलंत. मी म्हटलं, बाबा, पहाटे रोज कोण उठणार? "झोपून तरी तू कोणते दिवे लावतेस?" गिऱ्हाइकं हसली. मीही हसले. आणि उठले, रोज. सकाळी नऊला फोन करून आदल्या चोवीस तासांचे आकडे सांगायचे, तुम्ही "बरं" म्हणून ठेवून द्यायचात. आईशी बोलायला मला दुसऱ्यांदा फोन लावावा लागायचा. आकडे मात्र तुमच्याच बाजूने होते. सलग दोन पावसाळे भरले की हवामानवाल्यांना सगळं लिहून पाठवायचं, असं तुम्ही ठरवलं होतं. तुम्हाला आयुष्यात दुसरं काही नको होतं, हे मला पक्कं माहीत होतं.

२०१५च्या श्रावणात आई डहाणूच्या दवाखान्यात होती. मी चार दिवस तिच्या उशाशी बसले, गच्चीवर डबा भरून वाहून गेला. पाचव्या दिवशी तुम्ही आलात, दाराशी छत्री झटकलीत आणि विचारलंत, "पहाटेच्या नोंदी?"

"नाहीत. आईजवळ होते."

"तिच्याजवळ नर्स होती. डब्याजवळ कोण होतं?"

आई जागी होती. तिने तोंड भिंतीकडे वळवलं, ते तुम्ही असेपर्यंत परत फिरवलं नाही. तीन दिवसांनी ती गेली. तेराव्याला तुम्ही मला बाजूला घेऊन म्हणालात की वहीत चार दिवसांचं भोक पडलंय, आता आणखी एक पावसाळा लागेल.

तो पावसाळा मी तुम्हाला पुढच्या वर्षी दिला. डहाणूत पहाटे पाचला कोसळलेला पाऊस मी आदल्या दुपारी तीनचा म्हणून सांगू लागले. साडेआठच्या रिवाजात दोन्ही एकाच दिवसात मोडतात, त्यामुळे तालुक्याच्या आकड्याशी तुम्ही कितीही ताडून पाहिलंत तरी बेरीज जुळायची. डहाणूत दुसऱ्या कोणाला विचारावं, तर तुम्ही कोणाशी जमवूनच घेतलं नव्हतंत. आधी चिडलात, "झोपेत बघतेस का?" मग प्रत्येक आकडा दोनदा वदवून घ्यायला लागलात. गणपतीला मी घरी आले तेव्हा वही मांडीवर होती.

"नीट पाहिलंस ना?"

"हो, बाबा."

"मग मीच चुकलो. तू चुकणार नाहीस. तुला मी शिकवलंय."

जन्मात एकदा माझं कौतुक केलंत, ते असं. मग पट्टी मागितलीत. रेघा मारून झाल्यावर अंगणात जाऊन मापक उपटलंत. पुढच्या उन्हाळ्यात तुम्ही गेलात. मधल्या आठ महिन्यांत मला कधीही खरं सांगता आलं असतं. कोणी पावसाचं काढलं की तुम्ही म्हणायचात, "मला त्यातलं काही कळत नाही," आणि मी शेजारी बसून वाल सोलत असायचे.

रेघा मारल्यात त्या दिवशी डहाणूला परत येऊन मी पोटभर जेवले. आई गेल्यापासून घास गोड लागत नव्हता, त्या दिवशी लागला. त्याची लाज वाटते, पण थोडीच.

तुमच्यानंतर २०१९पर्यंत मी नोंदी घेत राहिले, खऱ्या. कोणी सांगितलं नव्हतं. मोठा पाऊस बहुतेक वेळा पहाटेच सापडला. नवरा म्हणाला, पाठव की हवामानवाल्यांना. मी नको म्हटलं. पाठवल्या असत्या तर त्यावर तुमचं नाव घालावं लागलं असतं.

तुम्ही बरोबर होतात, बाबा. हे मी पहिल्यांदाच लिहितेय, आणि तुम्हाला वाचता येणार असतं तर लिहिलं नसतं.