ढोलीतलं पाणी

अप्पा, आज दुपारी तुमची वही पुन्हा काढली. निळ्या पाठीची, तुम्ही अंदमानात जंगल खात्याच्या रोपवाटिकेवर होता तेव्हाची. आपलं मद्रास आता चेन्नई झालं, घरं तीन बदलली, पण वही माझ्याबरोबर आली. तुमची रीत मी विसरलेलो नाही: शंका पेन्सिलीने, खात्री शाईने. अख्ख्या वहीत बेटावरच्या त्या एकाच बेडकाची माहिती. अंगठ्याएवढा, भिजलेल्या सालीच्या रंगाचा, डबक्यात कधी न दिसणारा. झाडाच्या ढोलीत साठलेल्या ओंजळभर पाण्यापाशी बसून तो संध्याकाळी ओरडायचा, आणि दुसरा नर जवळ आला की त्याला चावायलाही कमी करायचा नाही. "एवढ्याशा पाण्यासाठी केवढं भांडण!" म्हणून तुम्ही हसायचात.

वही काढायचं कारण तुमची पणती, माझी नात. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकते, मराठी बोलताना अडखळते, मला आजोबा न म्हणता तमिळ रीतीने ताता म्हणते. रविवारी मी कॉफी घेत होतो, तर फोन माझ्या नाकासमोर धरला. "ताता, बघा ना, तुमच्या अंदमानचं बेडूक!" पडद्यावर ढोलीच्या आतल्या भिंतीला एक जोडी उलटी चिकटलेली. "शीर्षासन करून अंडी घालतात, ताता. पाण्यात नाही हं, पाण्याच्या वर, भिंतीवर. पिल्लं फुटली की टपकन खाली पडतात. असं दुसरं कुणी करतच नाही म्हणे." मी कप खाली ठेवला. ती म्हणाली, "काय झालं? साखर नाही का?" मी म्हटलं, साखर आहे.

कॉलेजचं पहिलं वर्ष संपवून मी जहाजाने तुमच्याकडे आलो होतो. तीन दिवस नुसता समुद्र, आणि माझ्या डोक्यात शाळेत पाठ केलेल्या सगळ्या कविता. धक्क्यावर तुम्ही माझी ट्रंक उचलून म्हणालात, "काय कविराज, समुद्रावर किती झाल्या?" दुसऱ्याच दिवशी तुम्ही मला रोपवाटिकेमागच्या झाडापाशी नेलंत. छातीएवढ्या उंचीवर ढोली. आतल्या ओल्या लाकडावर, पाण्याच्या बोटभर वर, साबुदाण्यासारखी अंडी चिकटलेली. तुम्ही कुजबुजत बोलत होता, देवळात बोलावं तसं. "ही चुकून वर राहिलेली नाहीत. वरच घातलेली आहेत. पण एकदा बघून म्हणता येत नाही. पिल्लं खाली पडताना दिसली पाहिजेत." मग तुम्हाला कामासाठी चार दिवस पलीकडच्या बेटावर जायचं होतं. वही माझ्या हातात दिलीत. "हात लावायचा नाही. नुसतं बघायचं. आणि बेडकावर कविता नको, तारीख लिही." टेबलावर कलकत्त्याच्या संग्रहालयाचा पत्ता लिहिलेलं पाकीट तयार होतं. आतलं पत्र पूर्ण व्हायला तेवढी चारच दिवसांची नोंद हवी होती.

दोन दिवस पाऊस नाही. तिसऱ्या दिवशी दुपारी मी पाहतो तर पाणी आणखी खाली गेलेलं, अंडी वर उघडी. मला वाटलं, सुकून मरणार बिचारी. आपल्या घरी आई उन्हाळ्यात गच्चीच्या कठड्यावर कावळ्यांसाठी, खारींसाठी पाणी ठेवल्याशिवाय जेवायला बसत नसे. आणि माझ्या त्या कवितांनी तर तहानलेल्याला पाणी द्यावं यापलीकडे काही शिकवलंच नव्हतं. मी तांब्या भरून आणला आणि हळूच ओतला. अंडी बुडेपर्यंत. नंतर झाडाखाली बसून चार ओळीही केल्या, करुणेवर. त्या चांगल्या झाल्या होत्या, अप्पा, हे सांगतानाही लाज वाटते.

तुम्ही परत आलात ते बूट न काढता सरळ ढोलीपाशी. अंडी पांढरी पडली होती, वर कापसासारखी बुरशी. तुम्ही बराच वेळ वाकून राहिलात. "पाण्यातच आहेत की रे ही. इथे पाऊस झाला वाटतं. म्हणजे आधी पाणी ओसरलं होतं, एवढंच. माझंच चुकलं." मग माझ्याकडे वळून, "तू काही पाहिलंस?" मी म्हणालो, "नाही, अप्पा." तुम्ही हसलात. "कविराजांनी चार दिवस ढगच मोजले असणार." आणि माझ्या डोक्यावर टपली मारलीत. तुम्ही ओरडला असतात तर मी बोलून गेलो असतो. त्या टपलीने तोंड मिटलं ते मिटलंच. संध्याकाळी तुम्ही खोडरबर घेऊन पेन्सिलीची ओळ पुसलीत आणि शाईने लिहिलंत: अंडी पाण्यात. पत्र गेलंच नाही. त्या पाकिटात तुम्ही रोपवाटिकेतल्या पडौक झाडाच्या बिया भरून ठेवल्यात. पुढेही तुम्ही झाडं लावलीत, पण ढोलीपाशी थांबलेलं मी तुम्हाला पाहिलं नाही.

पणती सांगत होती, जुनी झाडं कमी झाली तसे हे बेडूक आता टाकून दिलेल्या बाटल्यांत, रोपांच्या पिशव्यांत साचलेल्या पाण्यातही संसार मांडतात. तुमच्याच रोपवाटिकेच्या पिशव्या असतील, अप्पा. मला ऐकून हसू आलं आणि मग पुढचं ऐकू आलं नाही. ती विचारते, "तुमच्या अप्पांनी पाहिलं होतं का हे?" मी "हो" म्हणालो. "मग लिहिलं का नाही?" तिला मी म्हटलं, वही शोधून दाखवतो.

आता ते पान समोर आहे. खिडकीशी तिरपं धरलं की शाईच्या ओळीखाली तुमची पुसलेली पेन्सिल अजून वाचता येते: अंडी पाण्याबाहेर, भिंतीवर? एवढं नीट पुसणारे तुम्ही, पण प्रश्नचिन्हावर जोर दिला होतात ना, तो कागदात उतरला आहे. उद्या ती येईल तेव्हा हेच पान तिच्यापुढे ठेवायचं. त्याआधी तुमच्या ओळीखाली मला माझी ओळ लिहायला हवी होती. लिहिली. हे पत्र तिथेच घडी घालून ठेवतो, दुसरं कुठे पाठवणार?

फक्त एक सांगतो. आजची तारीख मी शाईने घातली, तुम्ही म्हणाला होता तशी. पुढचे तीन शब्द, 'पाणी मी ओतलं', ते मात्र, शंका कसलीच नसताना, पेन्सिलीने लिहिले आहेत.