पौषातली बारावी कादंबरी

आपा, या पौषात मी बारा कादंबऱ्या वाचायच्या ठरवल्या आहेत. पौषात लग्नं नसतात, म्हणून ब्लाउजचा ढीगही नसतो, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. जालन्यात दुकान टाकून मला चोवीस वर्षं झाली आणि दरवर्षी या महिन्यात मी मशीनला तेल देऊन नुसती लोळत पडते. यंदा म्हटलं, लोळायचंच आहे तर पुस्तक घेऊन लोळावं. मग कटिंगचा खाकी कागद टेबलावर पसरला, पट्टीनं तीस घरं आखली आणि कोणत्या दिवशी कोणतं पुस्तक, किती पानं, ते खडूनं मांडायला बसले. दोन कादंबऱ्या जाडजूड, एक तीन भागांची, एक कानडीतून मराठीत आलेली, एक अशी की जी मी दोनदा अर्ध्यात सोडली आहे. रोजची सव्वाशे पानं पडतात. सुनेनं कागद पाहिला आणि म्हणाली, आई, एवढं तर मी बी.ए.च्या तीन वर्षांत मिळून वाचलं न्हाई. मला आपला अभिमान वाटला. अकरा पुस्तकांची घरं भरली आणि शेवटचे तीन दिवस मी तुमच्या कादंबरीसाठी मोकळे ठेवले. तिचं नाव मला तेव्हाही माहीत नव्हतं. तिचा पुठ्ठा गेलेला होता आणि तुम्ही तिला सिमेंटच्या पोत्याचा कागद चढवला होता, एवढंच आठवत होतं.

मी दहावीला गणितात गेले आणि वडिलांनी मला तुमच्याकडे शिवण शिकायला घातलं, लग्न जमेपर्यंत हाताला काहीतरी येऊ दे म्हणून. कुंभार पिंपळगावच्या त्या तुमच्या खोलीत तीन मशिनी आणि आम्ही पाच जणी. जेवणं झाली की तुम्ही आम्हाला तुरपाई आणि काजं करायला बसवायच्या आणि स्वतः भिंतीला टेकून ते पुस्तक उघडायच्या. उर्दू पान उजवीकडून सुरू होतं याचंच आम्हाला किती दिवस नवल. तुम्ही ओठ हलवत दोन-चार ओळी मनात वाचता, मान वर करता आणि आमच्या बोलीत सांगता. मध्येच एखादा शब्द तसाच ठेवता, कारण त्याला आमच्याकडे शब्दच नाही म्हणता. कहाणीतली मुलगी हैदराबादच्या एका पुस्तकं बांधणाऱ्याची, आई नसलेली, काकाच्या घरी वाढलेली, बापाच्या दुकानात खळीच्या वासात बसून चोरून वाचणारी. तिला खोकला आहे हे पहिल्या पंधरा दिवसांतच आलं होतं, पण आमचं सगळं लक्ष तिच्या लग्नाकडे. एकदा ऐकता ऐकता मी गिऱ्हाइकाच्या ब्लाउजच्या पाठीला पुढचा गळा कापून टाकला. तुम्ही ओरडला नाहीत. पुस्तक मिटलंत आणि म्हणालात, "कान कहाणीकडं दे, पण नजर कापडावरून हलू देऊ नको." त्या दिवशी कुणालाच कहाणी मिळाली नाही, आणि बाकीच्या चौघी घरी जाईपर्यंत माझ्याशी बोलल्या नाहीत.

दिवाळीच्या आधी मला ताप यायला लागला. संध्याकाळी चढायचा, पहाटे घामानं अंग भिजायचं. सरकारी दवाखान्यात छातीचा फोटो काढला, थुंकी तपासली आणि डॉक्टरांनी वडिलांना बाहेर नेऊन सांगितलं की टीबी आहे. गोळ्या सहा महिने, एकही दिवस चुकवायचा नाही. तेव्हा घनसावंगीकडचं एक स्थळ जवळजवळ ठरत आलेलं होतं. ती माणसं नंतर आलीच नाहीत, निरोपही आला नाही. दोन महिने मी घरात एका खोलीत, माझं ताट वेगळं, तांब्या वेगळा. आता हिच्यापासून कुणाला लागणार न्हाई असं डॉक्टरांनी सांगितल्यावर वडील मला घेऊन तुमच्या दारात आले आणि चप्पल न काढता उभे राहिले. तुम्हाला नको असंल तर तसं सांगा, आम्हाला राग न्हाई, असं ते म्हणाले. तुम्ही माझ्याकडे बघत त्यांना म्हणालात, "पोरगी माझी हाय. खिडकीपाशी बसंल, तिथं हवा बराबर येती." आठ दिवसांत दोन जणींनी यायचं बंद केलं. तुम्ही त्यांना बोलवायला गेला नाहीत. तिसरी मशीन तुम्ही स्वतः ढकलत खिडकीशी आणलीत.

आणि कहाणी तुम्ही माझ्यासाठी थांबवून ठेवली होती. ते मला उरलेल्या दोघींनी सांगितलं, जरा रागानंच. दोन महिने पुस्तक फळीवर होतं. मी आल्यावरही तुम्ही ते लगेच काढलं नाहीत, तीन-चार दिवस आज नको, उद्या बघू, असं चाललं होतं. शेवटी एका दुपारी काढलंत. त्या मुलीच्या रुमालावर रक्त दिसतं, इथपर्यंत तुम्ही वाचलंत आणि पुढच्या पानावर थांबलात. ओठ हलायचे थांबले. मला वाटलं ओळ चुकली. तुम्ही एकीला माठातलं पाणी आणायला सांगितलंत, ते पूर्ण प्यालात, तोंड पुसलंत आणि मग म्हणालात, "मंग ती दवाखान्यात गेली." तिथून पुढं तिला डॉक्टर भेटली, गोळ्या मिळाल्या. गोळ्यांनी तिची लघवी लाल झाली तेव्हा ती घाबरून रडली, आणि डॉक्टरनं सांगितलं की तो गोळीचा रंग हाय, रक्ताचा न्हाई. हे ऐकताना माझी सुई बोटात गेली. हैदराबादच्या पुस्तकात माझ्या मोरीतलं कसं आलं, असं मला झालं. आईनं तुम्हाला सांगितलं असेल हे डोक्यात यायला मला फार वर्षं लागली. पुढं ती बरी झाली, बापाचं दुकान तिनं चालवलं, तिला नाकारून गेलेली माणसं परत आली तेव्हा तिनं त्यांना चहा पाजून वाटेला लावलं. भर उन्हाळ्यापर्यंत ती कहाणी चालली. संपली त्याच्या पुढच्या बाजारात तुम्ही एक मराठी कादंबरी आणून माझ्या हातात दिलीत. मला ही लिपी येत न्हाई, आता तू वाच अन् मला सांग, म्हणालात. माझ्या आयुष्यात मी पूर्ण वाचलेलं ते पहिलं पुस्तक.

तुमची भाची इथं जालन्यात उर्दू शाळेत शिकवते, माझ्याकडूनच कपडे शिवून घेते. तुमची पुस्तकं तिच्याकडे आहेत हे मला ठाऊक होतं. यादी झाल्यावर तिला विचारलं, तर ती गेल्या रविवारी ते पुस्तक घेऊन आली. तोच सिमेंटच्या पोत्याचा कागद. तीन दिवस रोज येऊन मला वाचून दाखवीन म्हणाली, आणि मी माप घेत होते तोवर चाळत बसली. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "मावशी, कोणती मुलगी म्हणता तुम्ही? ती तर नव्वदाव्या पानावर वारती." मला आधी कळलंच नाही. मग तिनं ते पान वाचून दाखवलं. सहा ओळींत ती मुलगी जाते. दवाखाना नाही, गोळी नाही. पुढची दोनशे पानं तिच्या चुलतभावाची आहेत, त्याच्या जमिनीचा खटला आहे, दुसरं लग्न आहे. भाचीला वाटलं मी कुठल्या तरी दुसऱ्या पुस्तकाशी घोटाळा करून राह्यले. मी टेप गळ्यात तशीच ठेवून स्टुलावर बसले.

आपा, दोनशे पानं. तुम्ही रोज दुपारी पान उलटत होतात, डोळे त्या खटल्याच्या ओळींवरून फिरत होते, ओठ हलत होते आणि तोंडातून ती मुलगी चालत-बोलत बाहेर येत होती. शेजारणीचं नाव एकदाही चुकलं नाही. दुकानाच्या दाराचा रंग पहिल्या महिन्यात हिरवा होता तो शेवटपर्यंत हिरवाच राहिला. तुमची शाळा चौथीपर्यंत, घरात आजारी सासू, सणाचे कपडे डोक्यावर. हे कधी रचत होतात? भाकरी थापताना? मशीनचं पायडल मारताना? मी बारा कादंबऱ्या वाचणार म्हणून सुनेसमोर मिरवत होते. एक वाचता वाचता दुसरी रचून चार महिने तोंडी चालवणारी बाई मी रोज चार हातांवरून पाहिली होती आणि मला पत्ता नव्हता. तुम्ही गेलात तेव्हा मी बाळंतपणात होते, मातीलाही येता आलं नाही. आल्ते तरी हे विचारलं नसतंच, कारण विचारण्यासारखं काही आहे हेच माहीत नव्हतं.

मी काही तरी लिहून राह्यले हे भाचीनं पाहिलंय. पत्र झालं की मला द्या, घरच्यांना वाचून दाखवते, म्हणते. तिला देणार नाही, कारण यात एक गोष्ट आहे जी मी आईलाही सांगितली नव्हती. तुमच्याकडं परत यायला लागले तेव्हा मी गोळ्या घेत नव्हते. मळमळायचं, त्या लाल रंगाची भीती वाटायची, आणि बरं होऊन तरी करायचं काय, असं वाटायचं. सकाळी आईसमोर तोंडात टाकायचे आणि मोरीत जाऊन थुंकायचे. नऊ दिवस असं केलं. मग एका दुपारी तुम्ही पान उलटलंत आणि म्हणालात की ती पोरगी डोळे मिटून गोळी गिळती अन् वरून गुळाचा खडा खाती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आईकडं गुळाचा खडा मागितला.