रावजीकाकाचं दार

बिरवाडी, ११ ऑगस्ट २०२०

ती. येसूआत्यास, साहिलचा सा. न. वि. वि.

आपल्या वाडीवर फोन लागत नाही, म्हणून रितेशच्या भाजीच्या टेम्पोतून पत्र धाडतोय. आत्ये, इथे बिरवाडीत नोकरी धरली त्या कंपनीने सगळ्यांचं रक्त तपासलं. माझ्यात अँटीबॉडी निघाल्या! जूनमधला तो ताप म्हणजे कोरोनाच होता म्हणे. आता मला कशाची भीती?

रावजीकाकाचं मी काही विसरलो नाही. माझी पोरगी अंकिता हवी तर आधी कमवून दाखव म्हणाला, म्हणून सेकंड इयर अर्धं टाकून मुंबई गाठली. मे महिन्यात चालत परत आलो, तर ह्याच माणसाने वाडीच्या तोंडावर काट्या टाकल्या. मला शाळेच्या पडवीत ठेवलं, ताट लांबून बांबूने सरकवलं. अंकिता बघत होती गो! आणि आता तिची सुपारी त्या डिप्लोमावाल्या शुभमशी फोडली.

गणपतीत आरती घरोघर फिरते. आरतीला आलेल्याला कुणी हाकलत नाही. मी येणार, रावजीकाकाच्या मांडीला मांडी लावून बसणार आणि पोटभर खोकणार. उडू दे त्याची झोप!

लोभ आहेच, आरतीचा दिवस तेवढा कळव.
तुझा साहिल

वाडीवरून, १५ ऑगस्ट

चि. साहिल यास येसूआत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि चुलीत घातलं. कॉलेज सोडलंस तेव्हा अक्कल पण तिथंच ठेवलीस काय रे? नर्सबाईला विचारलं मी. ती बोलली, आजार होऊन गेला एवढंच त्यातनं कळतं. परत होणार नाय, दुसऱ्याला देणार नाय, असं कोण लिहून देत नाय. रावजीचं काय ते होऊ दे, पण त्याची आई बयाबाई हाय घरात. दम्याने बसल्या बसल्या झोपते बिचारी. शाळेत तुला चोरून घावन कोण आणून देत होतं?

आरत्या यंदा ज्याच्या त्याच्या घरात. रावजीकडे गौरीच्या जेवणाला एकटा शुभम येणार. जावयाला नियम नाय! अंकिताला तुझा बेत सांगितला. ती बोलली, खोकायला येणार असेल तर काट्या मीच टाकीन. मग कितीतरी वेळ माझ्याच ओटीवर बसून राहिली, उठायचं नाव नाय. समज काय ते.

मास्क लाव. माया हाय म्हणून ओरडते.
येसूआत्या

बिरवाडी, २५ ऑगस्ट

ती. येसूआत्यास सा. न. वि. वि.

शुभम माझ्याच चाळीत राहतो. गेल्या आठवड्यात माझी लसणीची फोडणी करपली. अख्खी चाळ खोकत बाहेर आली आणि हा आपला पायरीवर बसून भांग पाडतोय. वासच येत नव्हता त्याला! अंगही तापलेलं. गोळी घेऊन गौरीला जाणारच म्हणाला, कुठे बोलू नको म्हणाला.

खरं सांगतो, आनंद झाला. मी नुसतं गप्प बसायचं. रावजीकाका स्वतः दार उघडून आजार आत घेईल, पाट मांडून जेवायला वाढेल! दोन दिवस ह्या खुशीत मला भूक नव्हती. पण तू बयाबाईचं लिहून ठेवलं होतंस. सगळी मजा घालवलीस.

रितेशकडून रावजीकाकाला निरोप धाडला, शुभमला घरात घेऊ नको. उत्तर आलं, साहिल जळतोय. हो, जळतोय! मग शुभमच्या खोलीला बाहेरून कडी घातली आणि आरोग्य केंद्रात फोन केला. पॉझिटिव्ह निघाला. न्यायला गाडी येईपर्यंत दोन वेळ पेज मीच दिली, मुद्दाम अळणी. त्याला चव कळत नव्हती, तो सूड फुकट गेला.

आज रावजीकाकाचा निरोप आलाय, उद्या शुभमच्या जागी जेवायला ये, तुला तर होऊन गेलाय. बघ आत्ये! काल मी बांबूच्या टोकाला होतो, आज पाटावर. त्याला सांग, होऊन गेलाय म्हणजे काय ते नर्सबाईला विचार. मी शुभमच्या जवळ जाऊन आलोय, उद्या येणार नाही.

गणपती गेले, पंधरवडा उलटला की येईन. तेव्हाही घरात पाऊल टाकणार नाही, अंगणाच्या दगडी गडग्याबाहेर उभा राहीन. अंकिताला वाटलं तर ती अंगणात येईल, नाही वाटलं तर मी उभ्या उभ्या परत जाईन. पण आली, तर रावजीकाकाने आत जाऊन बसायचं, दार लावून. आम्हाला वेळ लागेल.

लोभ कर, ओरडत राहा.
तुझा साहिल