खिशातले ‘बट’

रविवार, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळे मजेत आहेत, तुम्ही तिघंही तसेच असाल. पत्र लिहिण्यास कारण की... कारण जरा पुढे सांगते. फोन तू उचलत नाहीस, मेसेज उघडत नाहीस, म्हणून तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर कुरियरने पाठवते आहे. सही केल्याशिवाय पाकीट देत नाहीत, तेव्हा मिळालंच नाही असं म्हणायची सोय तुला ठेवलेली नाही.

माझा इंग्लिश बोलायचा क्लास बरा चाललाय. तीच वरच्या मजल्यावरची खोली, खाली तेच टायरचं दुकान. आमची निम्मी वाक्यं त्या हातोड्याखाली चिरडली जातात. येतात सगळी मोठी माणसं: एक नर्सबाई, दोन टॅक्सीवाले, एक केक करणारी बाई. व्याकरणाचं पुस्तक मी कधीच मिटून ठेवलं. रोजच्या बोलण्यात ‘ऑल्दो’ आणि ‘नेव्हरदलेस’ कोण म्हणतं गं? छोटी छोटी वाक्यं बोलायची आणि ती जोडायला ‘अँड’, ‘बट’, ‘ऑर’, ‘सो’ घ्यायचे. इंग्रजाचं पोरही एवढ्यावरच भांडतं आणि एवढ्यावरच लाडात येतं.

या चार शब्दांच्या चिठ्ठ्या करून मी डब्यात टाकल्यात. एकाने अर्धं वाक्य बोलायचं, शेजारच्याने चिठ्ठी उचलायची आणि त्या शब्दापासून पुढचं जोडायचं. परवा नर्सबाई म्हणाल्या, "आय अ‍ॅम टायर्ड." टॅक्सीवाल्याच्या हाती ‘सो’ आला. तो म्हणाला, "सो आय टेक यू होम." सगळा वर्ग हसला आणि नर्सबाई लालेलाल.

आता घट्ट बस. मागच्या बाकावर बाबा असतात. हो, आपलेच. बसडेपोत गाड्या पुकारणारा, अख्खा डेपो ज्याला ‘भोंगा’ म्हणायचा तो माणूस माझ्यापुढे बसून "आय गो, यू गो" म्हणतो. मला मॅडम म्हणतात. मी म्हटलं, बाबा, लाजवू नका. तर म्हणाले, "क्लासात मॅडमच. घरी चल, मग बघतो तुझ्याकडे."

घरी मात्र बोलणं बंद केलंय. टाळ्या वाजवतात. एक टाळी म्हणजे पाणी, दोन म्हणजे इकडे ये, तीन म्हणजे टीव्हीचा आवाज कमी कर. पहिल्या दिवशी मला वाटलं, स्वारी रुसली. मीही दोन टाळ्या वाजवून त्यांना जेवायला बोलावलं. हसले, पण तोंड उघडलं नाही.

तुझी लेक चिमी कशी आहे? ती इंग्लिशच बोलते असं तुझ्या मैत्रिणीकडून कळलं. तुझी भाषा एक, तुझ्या नवऱ्याची दुसरी, तेव्हा घरात तिसरी येणारच. टोमणा नाही हा. बरं, थोडासा आहे.

चिठ्ठ्यांचं राहिलंच. मध्यंतरी डब्यात ‘बट’ सापडेना. मी नवीन केले, तेही नाहीसे. मला त्या टॅक्सीवाल्याचा संशय आला, त्याला दोन शब्द सुनावलेही. मग बाबांचा शर्ट धुवायला काढला तर खिशातून मूठभर चिठ्ठ्या निघाल्या. सगळ्या ‘बट’.

मी त्या त्यांच्या नाकासमोर धरल्या. "हे काय, बाबा? या वयात चोऱ्या?"

त्या दिवशी ते घरात बोलले. "तिला ‘पण’ नकोय ना."

ताई, तुझा शेवटचा मेसेज मी त्यांना दाखवला नव्हता. माझा फोन त्यांनीच उघडून पाहिला असणार. "बाबांच्या तोंडून एक तरी वाक्य ‘पण’शिवाय ऐकव, मग बोलू." तुझं तरी काय चुकलं? पहिली आलीस, पण गणितात मार्क गेले. नोकरी लागली, पण लांब लागली. मुलगा चांगला आहे, पण आपल्यातला नाही. आपण दोघी त्या ‘पण’च्या धाकातच वाढलो.

चिमीशी बोलायला त्यांनी काही वाक्यं बसवली आहेत. त्यातलं शेवटचं असं: "आय वॉज युवर मदर्स फादर, अँड आय डिड नॉट ओपन द डोअर." सवयीने मी म्हटलं, "इथे कुणीही ‘बट’च म्हणेल, बाबा."

ते म्हणाले, "‘बट’ म्हटलं की मागोमाग कारण आलं. मला कारण नाही सांगायचं. मी बाप होतो आणि मी दार उघडलं नाही. दोन्ही मीच."

लग्न करून आलात त्या दिवशी जिन्यात तुम्ही दोघं नवे कपडे घालून उभे होतात आणि आतून कडी होती, ते मला दिसलं. त्यांचा ‘अँड’ मी तसाच राहू दिला.

सोमवार, सकाळ

पाकीट काल बंद केलं होतं, आज परत फोडलं. सगळे मजेत आहेत असं वर लिहिलंय ते खोटं आहे.

बाबांच्या घशात गाठ निघाली आहे. शुक्रवारी ऑपरेशन आहे, स्वरयंत्र काढणार. जीव वाचेल असं डॉक्टर म्हणतात. आवाज जाणार, तो कायमचा. आत्ताच खरवडल्यासारखा येतो. म्हणून त्या टाळ्या. बोललात काय आणि गप्प राहिलात काय, गाठीला फरक पडत नाही, असं डॉक्टरांनी समजावलं. यांना वाटतं, आवाज टाकीतल्या पाण्यासारखा पुरवून वापरता येतो. दिवसभर वाचवतात आणि माझ्या क्लासात येऊन खर्च करतात, तुझ्या पोरीसाठी.

तुला कळवायचं नाही अशी शपथ घातली आहे. "कीव म्हणून फोन नको. करायचा तर आपणहून करू दे." ती शपथ मी मोडते आहे. मला भीती वाटते, ताई. आणि रागही येतो, तुमचा दोघांचाही. दोघंही एकाच मुशीतले हट्टी, आणि भरडली जाते मी.

रेकॉर्ड करून पाठवूया असंही सुचवलं. भडकले. डेपोत ती रेकॉर्ड केलेली बाई गाड्या पुकारायला लागली आणि यांनी राजीनामा दिला, आठवतं ना? म्हणाले, "रेकॉर्ड गाड्यांसाठी असते. नातीशी माणूस बोलतो."

तर कारण हे. गुरुवारी संध्याकाळी फोन कर आणि चिमीच्या हातात दे. मी सांगितलं हे कळू देऊ नकोस. सुरुवात करायला त्यांना वेळ लागेल, तेवढ्यात ठेवून देऊ नकोस. शुक्रवारनंतर फोन केलास तर मी उचलेन, आणि माझा आवाज तू पुष्कळ ऐकला आहेस.

चिडलेली,
धाकटी

शनिवार, हॉस्पिटल

ताई,

ऑपरेशन नीट पार पडलं, हे आधी. काल माझ्या फोनवर डॉक्टरांकडूनच ऐकलंस, तरी माझ्या हातानेही लिहिते.

गुरुवारचं तुला तुझ्या बाजूने माहीत आहे, माझ्या बाजूने ऐक. मी शपथ मोडल्याचं त्यांनी ओळखलं होतं की नुसती आशा होती, कोण जाणे; दुपारपासून ते इस्त्रीचा शर्ट घालून फोनसमोर बसले होते. मला काही माहीत नाही असा चेहरा करून मी भांडी घासत होते. फोन वाजला आणि माझ्या हातून पातेलं पडलं. त्यांनी घसा साफ केला. "हॅलो. आय अ‍ॅम युवर ग्रँडफादर, अँड..."

तेवढ्यात तुझी पोर सुटली. अँड माय टूथ इज लूज, अँड माय टीचर हॅज अ रॅबिट, अँड इट बिट अ बॉय, अँड ही क्राइड, सो वी ऑल क्राइड. माझ्या वर्गात एकालाही असं जोडता येत नाही. बाबा थांबले. मी दारातून खुणा करत होते, वाक्य, बाबा, तुमचं वाक्य! त्यांनी मला हाताने गप्प केलं. ती श्वास घ्यायला थांबली की ते म्हणायचे, "अँड?" की ती पुन्हा सुरू. पुन्हा थांबली की पुन्हा "अँड?" दर वेळी आवाज आणखी फाटत होता. शेवटचा तर नुसता श्वास होता. तिला तोही कळला, तिने सशाचं नाव सांगितलं. मग मागून तू तिला झोपायला बोलावलंस, आणि फोन बंद झाला.

मी रडायला लागले. "अहो, वाक्य राहिलं ना!" त्यांनी खांदे उडवले आणि एक टाळी वाजवली. मी पाणी दिलं.

त्यांचं आयुष्यातलं शेवटचं बोलणं तुझ्या लेकीने ऐकलं, आणि त्यात माफी नव्हती. म्हणून तुला विनवते, पहिलं पत्र काढ आणि ते दाराचं वाक्य परत वाच. मोठ्याने वाच. चिमीचं निमित्त होतं, ते पाठ केलं होतं तुझ्यासाठी.

आज शुद्धीवर आहेत. लिहायला पाटी दिली आहे, उजव्या हाताला सलाईन असल्यामुळे तिचा उपयोग नाही. मी कानाशी जाऊन विचारलं, "ताईला पत्र लिहितेय, काय लिहू? तिला यायला जमेल, पण..."

असे डोळे वटारले म्हणून सांगू! मी ‘पण’ गिळला.

मग डाव्या हाताने पलंगाच्या लोखंडी दांडीवर दोनदा ठोकलं. मी उठून जवळ गेले, तर मान हलवली, मी नाही. माझ्या हातातल्या या कागदाकडे बोट केलं आणि पुन्हा दोनदा ठोकलं.

दोन टाळ्यांचा अर्थ मी तुला लिहिला आहे.

तुझी धाकटी
आणि बाबा