अशक्य म्हणून बंद

७ फेब्रुवारी

बढतीची यादी लागली. माझं नाव नाही! एकोणीस वर्षं कोड लिहितोय. ज्याला मी हाताला धरून काम शिकवलं, तो उद्यापासून मला “जरा लवकर द्या हं” म्हणणार. त्याच्यासाठी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जोरात मीच.

घरी बोललो नाही. बायकोने विचारलं, काय झालं? डोकं दुखतंय म्हटलं. ती औषधाच्या दुकानात कामाला, लगेच पर्समधून गोळी काढली. घ्यावी लागली.

९ फेब्रुवारी

ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावर दर गुरुवारी फंक्शनल प्रोग्रामिंगवाल्यांची बैठक असते. जिन्याखाली कागद चिकटवलेला दिसला, वर गेलो. घरी लवकर जायचं नव्हतं, बाकी काही नाही.

नऊ माणसं. नाकाने कांदे सोलणारी मंडळी! एक दाढीवाला फळ्यावर लिहीत होता. म्हणे, कोडमध्ये एकदा ठेवलेली किंमत पुन्हा बदलायची नाही. फंक्शनने, म्हणजे कोडच्या एका तुकड्याने, स्वतःच्या बाहेर कशालाही हात लावायचा नाही. तेच दिलं की तेच परत मिळालं पाहिजे, सोमवारी काय आणि शनिवारी काय.

मागे बसून मनात हसलो. महिनाभर आमच्या ऑफिसात काम करून दाखवा म्हणावं.

१० फेब्रुवारी

पण खरंच — तेच दिलं की तेच परत. असा एक तरी माणूस आहे का माझ्या ओळखीत?

२ मार्च

चौथी बैठक. दाढीवाल्याला माझ्या कोडची चाळीस ओळींची एक फाईल दाखवली. त्याने चष्मा वर सारून वाचली. “हे तुम्ही लिहिलंत? सुरेख आहे.”

सुरेख! एकोणीस वर्षांत माझ्या कामाला “झालं का?” याशिवाय कुणी काही म्हटलेलं नाही. येताना एक स्टॉप आधीच उतरलो आणि चालत आलो. या वयात एका शब्दाने माणूस इतका हरखतो, याची लाज वाटली. तरी हरखलोच.

१५ मार्च

ठरलं. ड्यूट्यांचा प्रोग्रॅम नव्याने लिहायचा. (शहरातल्या बस-ड्रायव्हरांच्या ड्यूट्या लावून देणं, हेच आमच्या ऑफिसचं मुख्य काम.) नियम असा की दोन ड्यूट्यांमध्ये ड्रायव्हरला नऊ तास विश्रांती हवी. जुन्या कोडमध्ये हे दहा ठिकाणी तपासलंय आणि अकराव्या ठिकाणी विसरलंय. माझ्या कोडमध्ये तपासायचा प्रश्नच नाही. नऊ तास नसतील तर तशी ड्यूटी तयारच होत नाही. चूक लिहायलाच जागा नाही!

शेजारच्या टेबलावरच्या ताईंना समजावून सांगितलं. ताई आमच्या टेस्टर. तेरा वर्षं मी लिहायचं, त्यांनी मोडून दाखवायचं. त्यांची एक निळी वही आहे, आणि डेपोत फोन करून ड्रायव्हरांशी गप्पा मारायची खोड. ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “छानच की हो भाऊ. पण कागदावर सगळेच ड्रायव्हर वेळेवर झोपतात.”

हे असं! कौतुक करायचं आणि वर चिमटा.

२४ एप्रिल

नवा प्रोग्रॅम सुरू होऊन तीन आठवडे झाले. एकदाही पडला नाही. ताईंनी मात्र सतरा तक्रारी नोंदवल्यात. सतरा! गुरुवारी बैठकीत माझं भाषण, आणि ही भुणभुण कोण ऐकणार? पहिल्या चार-पाच वाचल्या. कुठे बटणाचा रंग, कुठे नावातलं अक्षर. बाकीच्यांचे नुसते मथळे पाहिले. “विश्रांती कमी पडते” असा मथळा दिसला तेव्हा हसूच आलं. कमी पडूच शकत नाही, बाई!

सगळ्यांवर एकच शेरा मारला : अशक्य. बंद. दहा मिनिटं लागली. अंगावरून ओझं उतरलं.

२७ एप्रिल

भाषण झालं! साहेबांना बोलावलं होतं, आणि ते चक्क आले. खुर्च्या कमी पडल्या. मी पडद्यावर दाखवलं — “तक्रारी : १७. खऱ्या : ०.” मोठा हशा. दाढीवाल्याने उठून हात मिळवला.

साहेब जिन्यात म्हणाले, “म्हणजे टेस्टिंगची गरजच नाही म्हणा की!” मी हसलो. नाही म्हणालो नाही. हो तरी कुठे म्हणालो?

८ मे

ताईंना पत्र मिळालं. एकतीस तारीख शेवटची.

त्यांनी ते घडी घालून निळ्या वहीत ठेवलं आणि कामाला लागल्या. मला विचारलंसुद्धा नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, काहीतरी उत्तर देता आलं असतं.

३१ मे

निरोपाला केक. साहेबांना मीटिंग होती. अनुभवाचा दाखला “मागाहून पाठवू” म्हणून सांगितलं त्यांना. ताई जाताना निळी वही माझ्या टेबलावर ठेवायला लागल्या. मी म्हटलं, असू द्या तुमच्याकडेच, तुमची आठवण. मला नको होती, खरं तर.

“डेपो चारला अधूनमधून फोन करत जा भाऊ,” म्हणाल्या. हो म्हटलं.

केला नाही.

२२ जून

बैठकीत आता मला पुढच्या रांगेत बसवतात. पगारही थोडा वाढला. शेजारचं टेबल काढून तिथे प्रिंटर ठेवलाय.

६ जुलै

ताईंचा फोन. एका ठिकाणी काम मिळतंय, पण दाखला मागतात. “साहेबांना जरा आठवण करून द्याल का?” करतो म्हटलं. साहेबांचा मूड बघून करीन.

१९ जुलै

बस दुभाजकावर चढली. भर दुपारी, सरळ रस्त्यावर. ड्रायव्हरला डुलकी लागली म्हणतात. त्याचा पाय दोन ठिकाणी मोडला, अकरा प्रवाशांना लागलं, एक बाई अजून शुद्धीवर नाही. डेपो चारची गाडी.

ताबडतोब त्याच्या ड्यूट्या काढून पाहिल्या. नऊ तास पाच मिनिटं. नियमात! सगळ्या ऑफिसला दाखवलं. माझा प्रोग्रॅम बरोबर आहे. बरोबरच आहे.

२० जुलै

जेवताना सगळं सांगितलं. बायको म्हणाली, “नऊ तास कधीपासून मोजतोस?” मी म्हटलं, शेवटची फेरी संपली की. “आणि तो घरी कधी जातो? आमचं दुकान नऊला बंद होतं, मी घरी येते दहाला. विचारलंस का त्याला?”

उठलो आणि एप्रिलचे मेल उघडले. ताईंची प्रत्येक तक्रार मला मेलने यायची. चौदावी :

“डेपो ४. शेवटच्या फेरीनंतर डिझेलची रांग असते. गाडी धुऊन जमा करेपर्यंत दोन तास. फोनवर सहा ड्रायव्हरांना विचारलं. झोपेला पाच तास मिळत नाहीत. विश्रांती गाडी जमा केल्यापासून मोजावी. कृपया लवकर बघा, कुणाला तरी लागेल.”

त्याखाली माझं नाव. माझा शेरा.

बायकोला दाखवलं. तिने वाचलं आणि फोन माझ्या हातात परत दिला. माझं ताट उचलून आत गेली.

२४ जुलै

चौकशी लागली. साहेबांनी दार लावून घेतलं. ताई गेल्यावर तक्रारींची नवी यादी केली, तिच्यात बंद झालेल्या तक्रारी आणल्याच नव्हत्या, म्हणजे नोंद कुठेच नाही. “तुमच्या मेलशिवाय,” असं म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. अहवालात लिहायचं की टेस्टिंग अर्धवट राहिलं आणि संबंधित व्यक्ती आता नोकरीत नाही. “तिचं काय जातंय? ती गेलीच आहे.”

विचार करून सांगतो म्हणालो. एवढंच! तिथल्या तिथे नाही म्हणायला काय झालं होतं?

२७ जुलै

बैठकीला गेलो नाही. घरी बसून पत्र लिहिलं. तक्रार आली होती. मी न वाचता बंद केली. दोष माझा, ताईंचा नाही. मेलची प्रत जोडली. बायकोला वाचून दाखवलं. आठ दिवसांनी ती पहिल्यांदा नीट बोलली — “दे उद्या. नोकरी गेली तर जाऊ दे, माझा पगार आहे.”

नोकरी जाईल. बैठकीतही तोंड दाखवता येणार नाही. पण देणार. उद्याच.

२८ जुलै

पत्र खिशात घेऊन साहेबांकडे गेलो. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी एक कागद पुढे सरकवला. “टेस्टिंग माझ्याकडून अर्धवट राहिलं.” खाली ताईंची सही, कालची तारीख. त्यांना अनुभवाचा दाखला हवा होता, साहेबांनी काल दिला.

माझं पत्र खिशातच राहिलं. बायकोला सांगितलं, दिलं.

काय वाटलं ते निदान इथे तरी खरं लिहितो. जीव भांड्यात पडला.