कानात बोळे घातलेला रविवार

सान अगापितो, आंतिके
१४ सप्टेंबर

माझ्या थोरल्या बहिणीस, मनांग सालोमेस,

तुझा उजवा हात आशीर्वादासाठी इथूनच माझ्या कपाळाला लावते. (चारच वर्षांनी मोठी आहेस आणि एरवी तुझा हात मी फक्त ओरबाडायलाच धरला आहे, हे खरं, पण आज लावू दे.) हाँगकाँगात तुझी पाठ कशी आहे? मालकिणीचा कुत्रा अजून तुझ्याच अंथरुणात झोपतो का? इकडे पाऊस आला की आईचे गुडघे बोलतात आणि पाऊस गेला की आई बोलते, म्हणजे सगळं ठीक आहे. तू विचारलंस, की क्रिस्लिन तुझ्यावर रागावली आहे का. दर रविवारी फोनवर तुझी पोर धड एक वाक्य बोलत नाही, नुसती हसते आणि ‘हो’ म्हणते. तू तिला टाकून गेलीस असं तिला वाटतं का. आणि त्या एका रविवारी मीसुद्धा तिच्या शेजारी दगडासारखी का बसले होते. याचं उत्तर द्यायलाच हे पत्र लिहिते आहे. ग्लोरिबेल मंगळवारी तिकडे कामावर परत निघाली की तिच्या हाती देईन, कारण फोनवर बोलायचं तर आई खांद्यावरून ऐकते. पण त्याआधी तुला माझ्या पदव्युत्तर शिक्षणाची हकीकत ऐकावी लागेल, त्याला इलाज नाही.

तुला माहीतच आहे, तीन वर्षं झाली, दर शनिवारी पहाटे चारची जीप पकडून मी शहरात विशेष मुलांना शिकवायचं शिक्षण घ्यायला जाते. विषयाचं नाव ‘समावेशक शिक्षण’, म्हणजे कुणालाही वर्गाबाहेर ठेवायचं नाही. हा वर्ग डॉ. टान्टियादो मॅडम बरोबर आठ वाजता आतून कडी लावून सुरू करतात. आमची जीप आठ दहाला पोचते. त्यामुळे समावेशाचा पहिला सहा महिन्यांचा अभ्यासक्रम मी खिडकीच्या गजातून पुरा केला. (माझ्यासोबत तिथे एक शेळी असायची. तिची हजेरी माझ्यापेक्षा चांगली होती.) दुसऱ्या सहा महिन्यांत अशा मुलांना काय म्हणावं हे शिकवलं. ते पाठ होईपर्यंत तो शब्द अपमानकारक ठरला आणि नवा आला. अशी चार नावं मी शिकले आणि चारही विसरायला सांगितली गेली. पोरांना शिकवायचं काय, हे कुठल्या शनिवारी होतं देव जाणे. त्या दिवशी बहुधा जीप बंद पडली असावी.

शेवटच्या वर्षी प्रत्येकीने एक मूल शोधायचं, आईबापाची लेखी संमती घ्यायची, त्याचा अभ्यास करून प्रबंध लिहायचा. मुलाचं नाव सप्टेंबरअखेर नोंदवलं नाही तर पदवी नाही, तीनही वर्षं पाण्यात. आता असं मूल आणायचं कुठून? आमचे मुख्याध्यापक सर तर उखडलेच. ‘आपल्या शाळेत तसली मुलं नाहीत, मॅम! गेली सहा वर्षं मी वर शून्य कळवतोय. शून्याबद्दल आपल्याला प्रमाणपत्र मिळालंय!’ (प्रत्येक मुलामागे अकरा पानी फॉर्म भरावा लागतो. सरांच्या शून्याचं रहस्य तेवढंच.) मग मी घरोघर फिरले. एका बाईने मला हाकलूनच दिलं, दुसरीने अशा मुलांना तांदूळ मिळतो का हे विचारून घरातली चारही पुढे केली. गावचा कारभार बघणाऱ्या कॅप्टनने नातवाला आणून बसवलं, की याला विशेष लिहा, हा विशेष हुशार आहे. मी हुशारी दाखव म्हटल्यावर त्या नातवाने माझी छत्री मोडली. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ना, तो वळसा मी पुरे दोन आठवडे घालत होते.

त्यात मॅडमनी प्रात्यक्षिक दिलं: एक दिवस बहिरेपणाचा अनुभव घ्या. कानात मेण लावलेले कापसाचे बोळे, सकाळी सहा ते संध्याकाळी सहा, काढायचे नाहीत, कुणाला सांगायचं नाही, वर दिवस संपल्यावर साक्षीदार म्हणून आईची सही. मी रविवार निवडला, की सुट्टीच्या दिवशी काय होणार? मनांग, काय झालं नाही ते विचार. पहिल्या तासाभरातच मला एक युक्ती सापडली. समोरचा बोलतो आहे, त्याच्या तोंडाकडे बघायचं, तो थांबला की हसायचं आणि ‘हो’ म्हणायचं. माणसं इतकी खूश होतात की पुन्हा विचारतच नाहीत. चर्चबाहेर पाद्रीबाबा बोलले, मी हो म्हटलं. आता जत्रेला अख्खं भाजलेलं डुक्कर माझ्याकडून आहे. मुख्याध्यापक बोलले, मी हो म्हटलं. आता शौचालय समितीची अध्यक्ष मी आहे. बाजारात कोंबड्यांचा व्यापारी मनोंग दोमेंग (बायको जाऊन दोन वर्षं झालेला, दात अजून बरे असलेला) टोपी हातात घेऊन बराच वेळ बोलला. त्यालाही मी तेच उत्तर दिलं. तो का रडला ते मला नंतर कळलं.

त्या दिवशी आम्ही जरा लवकरच, साडेपाचला जेवायला बसलो. आई कालथा हातात घेऊन उभी राहिली आणि बरंच बोलली. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. ती थांबल्यावर मी हसून ‘हो’ म्हणायला तोंड उघडलं आणि सहज शेजारी नजर गेली, तर क्रिस्लिनचं तोंडही अगदी त्याच वेळी तसंच उघडलं होतं, तेच हसू आणि तसाच ‘हो’. आईने कालथा आपटला. सहाला बोळे काढल्यावर कळलं, की तिने विचारलं होतं, खारवलेल्या माशांची बरणी कुणी फोडली.

दुसऱ्या दिवशी वर्गात मुलं चित्रं रंगवत होती तेव्हा मी भाताच्या मोठ्या पातेल्याचं झाकण घेऊन मागे जाऊन उभी राहिले आणि ते फरशीवर टाकलं. सव्वीस डोकी मागे वळली, दोघं रडायला लागली. सत्ताविसावीने फुलाचा देठ रंगवून पुरा केला आणि मग बाकीचे का वळले हे बघायला वळली. मनांग, पहिली-दुसरीचा एकत्र वर्ग माझा आहे. दोन वर्षं ती माझ्यासमोर आहे. ‘लक्ष देत नाही, हट्टी आहे’ हे तिच्या प्रगतिपुस्तकात माझ्याच अक्षरात चार वेळा लिहिलेलं आहे. ऐकत नाही म्हणून शेवटच्या बाकावर मीच बसवली, आणि दोनदा भिंतीकडे तोंड करून उभीही केली. दिव्याखाली अंधार हे मी फळ्यावर कितीदा लिहिलं असेल. मला स्वतःची लाज वाटली, आणि झाकण उचलायला वाकले ती बराच वेळ वर उठले नाही.

शनिवारी हे ऐकून डॉ. टान्टियादो मॅडम मात्र हर्षाने उभ्याच राहिल्या. ‘हर्मिनिया, सोनं लागलंय तुझ्या हाताला! आता डिसेंबरपर्यंत नुसत्या नोंदी कर. बाक बदलू नकोस, तिच्यासमोर जाऊन बोलू नकोस, डॉक्टर तर आत्ता अजिबात नको.’ मी विचारलं, का? तर म्हणाल्या, ‘मूल आधीच सुधारलं तर आलेख कशाचा काढणार?’ मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं, हसले आणि ‘हो’ म्हणून आले.

तेव्हा सोबत एक कागद ठेवला आहे, त्यावर ‘आई’ म्हणून तुझं नाव आहे, त्यासमोर शाईने सही कर आणि ग्लोरिबेलच्या ओळखीचं कुणी इकडे येत असेल त्याच्या हाती लगेच पाठव. फोटो चालत नाही. बाकी सगळे तुझी आठवण काढतात. पत्र वाचून होईपर्यंत तुझी भांडी वाळली असतील, तर ऊठ आता.

तुझी धाकटी,
हर्मी

ता.क. मनोंग दोमेंगने काल आईला एक झुंजीचा कोंबडा आणून दिला आणि आईने तो ठेवून घेतला. थोरल्या बहिणीचा शब्द आपल्याकडे कुणी मोडत नाही, म्हणून तू तिकडून नकार कळव. फार कडक शब्दांत कळवू नकोस. खरं म्हणजे घाईच करू नकोस.

आणखी ता.क. तो कागद कॉलेजचा नाही. इलोइलोच्या इस्पितळातला आहे, कान तपासायचा. ३ ऑक्टोबरची तारीख मिळाली आहे आणि आईबापाच्या सहीशिवाय ते हात लावत नाहीत. मॅडमना भेटून आल्यावरच्या सोमवारी सकाळी मी क्रिस्लिनला पहिल्या बाकावर आणून बसवलं, माझ्या टेबलाला चिकटून. त्याच दिवशी मॅडमना तसं कळवलं, तर त्यांनी पदवीच्या यंदाच्या यादीतून माझं नाव काढलं. आईला यातलं काही सांगू नकोस, तिने शेजारी सांगून ठेवलंय की मी डॉक्टर होते आहे.

शेवटचं. पोर तुझ्यावर रागावलेली नाही. त्या रविवारी तुझा फोन आला तेव्हा मी बोळे घालून तिच्या शेजारी बसले होते, म्हणून तिला काय दिसतं ते मी पाहिलं. तू मैत्रिणींबरोबर पुलावर बसून फोन करतेस, उजेड सगळा तुझ्या पाठीमागे असतो आणि तुझं तोंड काळं दिसतं. ओठ दिसतच नाहीत. तिला वाटतं, आई फोन करते आणि काही बोलतच नाही. या रविवारी उजेडाकडे तोंड करून बस.