आमचं तळं आणि झुरिकच्या रेगुलाबाई

७ जुलै, झुरिक
पोचलो. आमच्या मुलीचा, अश्विनीचा फ्लॅट तळ्याजवळच आहे. तळं एवढं, की आमचं अख्खं डिंगोरे शिवार बुडेल. आणि काठाला एक मोटार नाही, एक पाइप नाही. जीव हळहळला.
संकल्प: परत जाईपर्यंत हे शहर खिशात घालायचं. माणसं जोडणं आपल्या हातचा मळ.

८ जुलै
ट्राममध्ये सगळ्यांना रामराम घातला. एकानं जागा बदलली. लोक लाजाळू आहेत.

१४ जुलै, रविवार
शहर इतकं गप्प, की कुणाकडे मयत झालीय का, विचारायला निघालो होतो. जाता जाता रिकाम्या बाटल्या डब्यात टाकल्या. खळ्ळकन आवाज झाला. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी खिडकीतून ओठांवर बोट ठेवलं. रविवारी इथे बाटल्या टाकत नाहीत म्हणे. अश्विनीनं माझ्या वतीनं माफी मागितली. अशी पहिली ओळख झाली! बाईंचं नाव रेगुला. सत्तरीच्या, रिटायर्ड शिक्षिका.

१७ जुलै
इथे जेवणाच्या सुट्टीत बँकेचे साहेब कपडे पिशवीत कोंबतात, तळ्यात उडी मारतात, पोहून परत ऑफिसला जातात. रेगुलाबाई तर रोज पोहतात. मला विचारलं, तुम्ही पोहता का? म्हटलं, डेली. आमच्या घरीपण लेक आहे. (शेततळ्याला इंग्रजी शब्द आठवेना.) अश्विनीनं माझ्याकडे पाहिलं. मी तळ्याकडे पाहिलं.
पोहता येणं आणि न येणं यात फार फरक नसतो. शरीर आपोआप तरंगतं, हे शास्त्र आहे. उद्यापासून सुरुवात.

१८ जुलै
ढगाळ.

१९ जुलै
काठापर्यंत गेलो. राजहंस डोळे वटारून होता. सरस्वतीचं वाहन, उगाच त्रास कशाला द्या.

२२ जुलै
गुडघा आखडलाय.

४ ऑगस्ट
उद्या निघायचं. रीतीप्रमाणे रेगुलाबाईंना म्हटलं, या एकदा आमच्या गावाला. हे आपण एसटीत शेजारी बसलेल्यालाही म्हणतो, येतंय कोण! बाईंनी पर्समधून डायरी काढली आणि विचारलं, कधी? दिवाळीनंतर, म्हटलं. तारीख? तोंडाला आली ती सांगितली, १६ नोव्हेंबर. लिहून घेतली. गमतीशीर बाई.

२० ऑगस्ट, डिंगोरे
पारावर झुरिकची माहिती दिली. रोज तळं पोहून पार करायचो, असं ओघात बोलून गेलो. शेजारचा भागू म्हणाला, "भाऊ, हितं तर तुमी गुडघ्याच्या वर पाण्यात गेल्यालं आमी कदी पाह्यलं न्हाई." जळतो मेला.

९ नोव्हेंबर
अश्विनीचा फोन. रेगुलाबाईंनी तिकीट काढलं. कुठलं? इकडचं! ही काय माणसाची रीत झाली? आमची बायको साळुबाई म्हणते, "बोलावलं तुमीच, मग येनारच की."
शेततळ्यात निदान बदकं सोडावीत का? आळेफाट्याला चौकशी करणे.

१६ नोव्हेंबर
बदकं मिळाली नाहीत. बाई मंचरच्या ट्रॅफिकमध्ये अडकतील, अंधारात तळं दिसणार नाही, असा माझा अंदाज होता. त्यांनी ट्रॅफिकचाही वेळ धरला होता. सांगितल्या वेळेला दारात हजर.
शेततळं दाखवलं. खाली प्लास्टिकचा कागद, भोवती जाळी. म्हणाल्या, ब्युटिफुल, सकाळी दोघं पोहू. भागू नेमका तिथेच उभा. आता गावात तोंड दाखवायचं तर पोहावं लागणार.

१७ नोव्हेंबर, सकाळ
अंगात ताप आहे. थर्मामीटर बिघडलेला दिसतो.

१७ नोव्हेंबर, दुपार
निम्मं गाव बांधावर जमलं होतं. वेळ काढावा म्हणून काठावर उभा राहून स्वागताचे दोन शब्द बोलायला लागलो. कागद शेवाळलेला. दुसरा शब्द पाण्याखाली बोललो.
शरीर तरंगतं हे साफ खोटं आहे. घाबरलो. लई घाबरलो. कागदावर हात ठरेना, पाय ठरेना. इकडून रेगुलाबाईंनी उडी टाकली, तिकडून कासोटा घट्ट खोचून साळुबाईनं. दोघींनी मला ढकलत भागूनं सोडलेल्या दोरापर्यंत नेलं, वरून त्यानं ओढलं.
साळुबाईला पोहता येतं! इतकी वर्षं संसार केला, मला पत्ता नाही. विचारलं तर म्हणाली, "माझं म्हायेर कुकडीच्या काठाला. आमी पोरी पुरात पोहायचो. तुमी कदी इचारलंच न्हाई." मला घोंगडीत गुंडाळून बसवलं आणि दोघी पुन्हा पाण्यात उतरल्या. एकीला दुसरीचं अवाक्षर कळत नव्हतं, तरी गप्पा संपेनात.

२० नोव्हेंबर
बाई गेल्या. जाताना साळुबाईला म्हणाल्या, या झुरिकला. (दुभाषा मी.) साळुबाईनं विचारलं, कधी? जुलैची तारीख ठरली. मी हळूच विचारलं, आणि मी? म्हणाली, "पोहता आलं तर नेते."
उद्यापासून ती शिकवणार. लहान पोरांसारखं, पाठीला डबा बांधून. मी कबूल झालो. अट एकच घातली, भागूला यातलं काही कळता कामा नये.
संध्याकाळी भागूनं तेलाचा रिकामा डबा पाठवला. झाकण घट्ट बसवलेला, दोरीसकट.